नकाशा अधिकाऱ्याचा कार्यभार

पद स्वीकारायला माणसाला स्वतःची मान हलवावी लागते. पद सोडायला मात्र दुसऱ्या कोणाची तरी मान हलावी लागते. सगळ्या स्वयंसेवी कार्याचा डोलारा या एका सत्यावर उभा आहे. आमच्या मंडळाने ते फार पूर्वीच ओळखले, याचा मला मंडळाचा हस्तांतरण अधिकारी या नात्याने रास्त अभिमान आहे.

ज्यांना आमचे मंडळ माहीत नाही (अशांची संख्या दरवर्षी समाधानकारक रीतीने वाढत आहे) त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक रविवार आड, सकाळी दहा ते एक, 'खोरे' नावाचा खेळ होतो. दोन टेबले जोडून त्यांवर एका काल्पनिक खोऱ्याचा नकाशा अंथरतात. खेळाडू फासे टाकतात आणि पडेल त्या दानाप्रमाणे खोऱ्यात रस्ते काढतात, घरे बांधतात, पूल उभारतात. कधी पूर येतो, कधी दरड कोसळते. एकला घंटा झाली की जे जिथे असेल ते तिथेच थांबते आणि पंधरा दिवसांनी तिथूनच पुढे सुरू होते. असे एकतीस वर्षे चालू आहे.

खेळ म्हटला की अधिकारी आले. सुरुवातीला पाचच होते: नकाशा, नोंद, फासे, घंटा आणि चहा. पाच अधिकारी आणि छत्तीस खेळाडू. आमचे ज्येष्ठ सभासद त्या काळाबद्दल बोलताना अजूनही आवाज खाली आणतात. तेव्हा टेबलाभोवती धक्काबुक्की व्हायची, लोक एकमेकांच्या पुलांवरून भांडायचे आणि घंटा झाल्यावरही घरी जायचे नाहीत. कसलीही शिस्त नव्हती.

नवव्या वर्षी फासे अधिकाऱ्याला गालगुंड झाले. फासे त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या उशाखाली आणि त्याच्याजवळ जायला त्याची बायकोही तयार नाही. तीन रविवार खेळ झाला नाही. या आपत्तीतून मंडळ एक धडा शिकले: कुठलेही पद एका माणसावर सोडायचे नाही. तेव्हापासून प्रत्येक पद दोघांत वाटून देण्यात आले, एक 'मुख्य' आणि एक 'सह'. मुख्याला वाटावे सह करतो आहे, सहाला वाटावे मुख्य करतो आहे आणि दोघांनाही थोडा विसावा मिळावा, हा हेतू लगेच साध्य झाला. पुढे, दोघांपैकी नेमके कोण करते आहे हे बघायला प्रत्येक जोडीवर एक समन्वय अधिकारी आला. समन्वय अधिकाऱ्यालाही गालगुंड होऊ शकते, म्हणून त्याला सह आला. पदे इतकी झाल्यावर ती एकाकडून दुसऱ्याकडे नीट जावीत म्हणून माझे पद निर्माण झाले. (माझे सह सहा वर्षांपूर्वी परगावी राहायला गेले. त्यांचा कार्यभार काढून घ्यायचा आहे. पण माझ्या कार्यालयातले कार्यभार काढून घेण्याचे काम सह-अधिकाऱ्याकडे असल्यामुळे ते प्रलंबित आहे.)

गेल्या वार्षिक अहवालातली आकडेवारी बोलकी आहे. एकूण सभासद एक्केचाळीस. पैकी अधिकारी चाळीस. खेळाडू एक.

हा एक म्हणजे प्लंबर. तो खेळाडूच का राहिला, याची चौकशी झालेली आहे. नियुक्त्या नेहमी खेळ संपल्यावर, एक ते दीडच्या दरम्यान होतात आणि त्या वेळी तो हमखास कुठल्या तरी सभासदाच्या मोरीत उताणा पडलेला असतो. त्यामुळे तो हात वर करू शकला नाही आणि खालीही घेऊ शकला नाही. आता दर खेपेस तो येतो, हात पुसतो आणि फासे टाकतो. एका दानाला सरासरी दोन तास दहा मिनिटे लागतात. त्यांपैकी फासे त्याच्या हातून सुटून टेबलावर स्थिरावेपर्यंतचे चार सेकंद वगळले, तर उरलेला सगळा वेळ प्रशासनाचा आहे. इतके लक्ष एकेका नागरिकाला कुठल्या देशात मिळते, हे वाचकांनीच सांगावे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

आमच्या नकाशा अधिकारी व्यवसायाने शिवणकाम करतात. त्यांना सगळे नकाशाताई म्हणतात. पहिली सतरा वर्षे नकाशा कागदाचा होता. तो घड्यांवर फाटत फाटत शेवटी खोऱ्याचे आठ तुकडे झाले, तेव्हा ताईंनी तो जाड सुती कापडावर उतरवून घेतला. नदी निळ्या दोऱ्याची, घरे टाक्यांची, रस्ते साध्या धावदोऱ्याचे. धावदोरा अशासाठी की दरड कोसळली तर रस्ता उसवता यावा. खेळ झाला की ताई नकाशाची घडी घालतात, पत्र्याच्या पेटीत ठेवतात आणि रिक्षाने घरी नेतात. पंधरा दिवसांत झालेले बदल शिवतात आणि पेटी परत आणतात. चौदा वर्षांत त्यांचा एक रविवार चुकलेला नाही. वार्षिक सभेत दरवर्षी त्यांच्यासाठी टाळ्या वाजतात. टाळ्यांचा कालावधी वाढता आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा तीन ओळींचा अर्ज आला. त्यांच्या थोरल्या बहिणीची, माईंची, नजर जात होती. उजवा डोळा गेलाच होता. डावा फार तर वर्षअखेरपर्यंत, असे डॉक्टर म्हणाले होते. दोघी बहिणींनी समुद्र पाहिलेला नव्हता. लहानपणापासून जाऊ जाऊ म्हणत राहून गेले होते. तेव्हा ऑगस्टपर्यंत कार्यभार घ्यावा आणि मोकळे करावे, अशी विनंती होती.

अर्जाला मी त्याच दिवशी उत्तर पाठवले. या बाबतीत आमच्याकडे दिरंगाई चालत नाही. कार्यपद्धती सरळ आहे, हे मी त्यांना कळवले. आधी उत्तराधिकारी मिळवायचा. मग तीन महिने सहवास-काळ: पहिला महिना उत्तराधिकाऱ्याने मावळत्या अधिकाऱ्याच्या डावीकडे बसायचे, दुसरा महिना उजवीकडे आणि तिसऱ्या महिन्यात मावळत्या अधिकाऱ्याने मागे बसून मधूनमधून हुंकार द्यायचा. शेवटी नमुना क्रमांक सहावर दोघांच्या सह्या. सही होईपर्यंत मावळता अधिकारी मावळत नाही.

त्यांचे एक सह आहेत, औषधांच्या दुकानाचे मालक. गेली अकरा वर्षे ते सह-नकाशा अधिकारी आहेत आणि ताईंना कधीही काळजी वाटू नये म्हणून दर खेपेस त्यांच्याजवळ जाऊन "मी आहेच" म्हणतात. नकाशा त्यांनी अजून उघडून पाहिलेला नाही, कारण तशी वेळ ताईंनी येऊ दिली नाही. त्यांनाच मुख्य का करू नये, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण सहाला मुख्य करायचे तर त्याचे सह-पद रिकामे होते. ते रिकामे करण्याआधी त्याचा कार्यभार कोणाकडे तरी द्यायला हवा. आणि अकरा वर्षांत त्या पदाने काहीच केलेले नसल्यामुळे द्यायला कार्यभारच नव्हता. नसलेला कार्यभार हस्तांतरित करता येत नाही. दुकानदारांनी हा मुद्दा स्वतःच माझ्या लक्षात आणून दिला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

मग मी अडतीस अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. अकरा जणांनी कळवले की आनंदाने घेतले असते, पण आधीच एक पद आहे. नऊ जणांना शिवता येत नव्हते (यांत रुग्णालयात रोज टाके घालणारे एक डॉक्टर आहेत). सात जणांनी दुसऱ्याचे नाव सुचवले. या सातांनी एकमेकांचीच नावे सुचवल्यामुळे वर्तुळ पूर्ण झाले आणि कोणावरही अन्याय झाला नाही. चौघांनी लिहिले की ताईंची जागा दुसरे कोणी घेणे ही कल्पनाच सहन होत नाही. एकाने, आपल्या मंडळात नकाशा असतो का, असे विचारले. तो समन्वय अधिकारी आहे. बाकी सहा जणांचे उत्तर आले नाही. मी स्वतःला पत्र पाठवले नाही, कारण हस्तांतरण अधिकाऱ्याने हस्तांतरणात हितसंबंध ठेवू नयेत असा संकेत आहे. (तो मीच पाडला आहे.)

ऑगस्ट गेला. ताईंनी गाडीची तिकिटे रद्द केली आणि ऑक्टोबरची काढली. मंडळाने दरम्यान हात बांधून बसणे नाकारले आणि एक समिती नेमली. समितीने पाच बैठका घेऊन असा निष्कर्ष काढला की चौदा वर्षांच्या सेवेनंतर ताईंना असेच जाऊ देणे मंडळाला शोभणार नाही, त्यांचा सत्कार झाला पाहिजे. सत्काराची तारीख ठरवायला उपसमिती नेमली गेली. सत्काराला सत्कारमूर्ती हजर लागते, म्हणून तारीख ठरेपर्यंत ताईंनी गाव सोडू नये, असे विनंतीवजा पत्र माझ्या सहीने गेले.

हे पत्र द्यायला मी स्वतः त्यांच्या दुकानात गेलो. छोटीशी खोली, शिलाई यंत्र, खिडकीशी कापड बेतायचे टेबल, त्याच्या खाली ती पेटी. ताई फोनवर बोलत होत्या. फोन यंत्रावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला, कारण त्यांच्या दोन्ही हातांत कोणाची तरी विजार होती. त्यांनी पत्र वाचले आणि पलीकडे बहिणीला सांगितले की ते अधिकारी आलेत.

"तेच का तुम्ही?" फोनमधून माई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, हिला कधी सोडताय? मी रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. गेल्या महिन्यात काटे दिसायचे. आता घड्याळ आहे, एवढंच दिसतं."

मी म्हणालो की प्रकरण विचाराधीन आहे.

"करा विचार," त्या म्हणाल्या. "मीपण तेच करतेय इथे बसून."

फोन ठेवल्यावर मी ताईंना, अगदी अनौपचारिकपणे, विचारले की त्या पेटी वाचनालयात ठेवून सरळ निघून का जात नाहीत. नियमाने त्यांना कोणी साखळीने बांधलेले नाही. ताईंनी पायाने पेटी जरा आत सरकवली. म्हणाल्या, तिथे ठेवली तर उंदीर कुरतडतील, नाहीतर कोणीतरी टेबलक्लॉथ म्हणून अंथरेल. "आणि यात नुसते रस्ते नाहीत. गेलेल्या माणसांचीही घरं आहेत. नदीच्या वळणावरचं ते पिवळं घर तुमच्या वडिलांचं. सांभाळेल असं कोणीतरी मिळू दे, मग जाते."

मला ते घर तिथे आहे हे माहीत नव्हते. मला लाज वाटली. त्या दिवशीच्या अहवालात ती मी 'इतर' या सदराखाली नोंदवली आणि पद घेण्याविषयी मात्र काही बोललो नाही. ऑक्टोबरचीही तिकिटे रद्द झाली.

वार्षिक सभा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी भरली. उपस्थिती चाळीस. विषय क्रमांक चार: नकाशा पद. अध्यक्षांनी विचारले की कोणी पुढे येण्यास इच्छुक आहे का. त्यानंतर जी शांतता पसरली तिचा मला अनेक वर्षांचा अभ्यास आहे. पहिल्या दहा सेकंदांत लोक छताकडे बघतात. विसाव्या सेकंदाला बुटांकडे. तिसाव्या सेकंदाला डोळे मिटले जातात आणि चेहऱ्यावर खोल चिंतनाचा भाव येतो. त्या दिवशी चिंतन एक मिनिट पन्नास सेकंद चालले. हा आमचा विक्रम आहे. ताई पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्या मागे वळून कोणाकडेही बघत नव्हत्या, आणि मी माझे बूट बघत होतो.

तेवढ्यात प्लंबर आला. बाह्या ओल्या होत्या. कोषाध्यक्षांच्या घरची टाकी भरून वाहत होती. त्याने शेजाऱ्याला काय चाललंय ते विचारले, ऐकून घेतले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मी घेतो."

सभेत खळबळ माजली. तो अधिकारी झाला तर खेळणार कोण, असा प्रश्न तीन कोपऱ्यांतून एकदम आला. एकमेव खेळाडू काढून घेणे म्हणजे चाळीस माणसांच्या पोटावर पाय देणे आहे, असे फासे अधिकारी म्हणाले. (पद मानद आहे, पण भावना समजण्यासारखी होती.) पाऊण तास चर्चा झाली. शेवटी तोडगा निघाला की प्लंबरने पद घ्यावे, मात्र कार्यपद्धतीप्रमाणे सहवास-काळ पूर्ण करावा. म्हणजे ताई फेब्रुवारीअखेर मोकळ्या. अध्यक्षांनी हा निर्णय ऐतिहासिक असल्याचे सांगितले आणि टाळ्या वाजल्या.

प्लंबर टाळ्या संपेपर्यंत थांबला. मग ताईंना म्हणाला, "ताई, पुढची गाडी कधीची मिळेल?"

"उद्या सकाळची आहे एक. जागा असेल तर."

"मग जा तुम्ही. धावदोरा मला येतो, आईनं शिकवलाय. अडलं तर फोन करीन."

आणि त्याने पेटी खांद्यावर घेतली.

माझ्याकडे नियमावली होती. उत्तराधिकारी न मिळाल्यास काय, मिळून नाकारल्यास काय, मिळून वारल्यास काय, सगळे तीत आहे. पेटी उचलून चालू लागल्यास काय, ते नाही. पेटी रुंद आणि दाराची एक फळी कडी लावून बंद असल्यामुळे तो दारात अडकला. दाराचे दोन्ही अधिकारी एकमेकांकडे पाहत होते. मी जाऊन कडी काढली. ते माझे काम नव्हते. इतिवृत्तात 'कडी निघाली' एवढेच लिहिले आहे.

ताई दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यांच्या अनुपस्थितीतला सत्कार जानेवारीत उत्तम पार पडला.

तेव्हापासून खेळाला खेळाडू नाही आणि मंडळाच्या इतिहासातला हा सर्वांत सुरळीत काळ आहे. तक्रारी शून्य. वाद शून्य. घंटा बरोबर एकला होते. फाशांची झीज थांबली आहे. फक्त नकाशा अधिकारी जरा वेगळे वागतात. कोणीही दान टाकलेले नसताना त्यांनी खोऱ्यातल्या प्रत्येक घरापर्यंत बारीक करड्या दोऱ्याने नळ नेला आहे. एकतीस वर्षे त्या घरांना पाणीच नव्हते, हे आजवर कोणाच्या अखत्यारीत आले नव्हते.

डिसेंबरात ताईंचे पत्र आले होते. ते असे:

"आम्ही समुद्रावर जाऊन आलो. माईला पाणी दिसलं नाही, पाण्यावरचं ऊन दिसलं. ती दोन तास तिथून हलली नाही. मी म्हटलं, बोटी आहेत तीन. ती म्हणाली, ऑगस्टात आलो असतो तर मोजल्या असत्या. रागानं नाही म्हणाली, पण म्हणाली. मग मला तुमच्या सगळ्यांचं विचारत बसली. मी चौदा वर्षांचं सगळं सांगितलं, पदं, सह, समन्वय, नमुना सहा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, पण त्या खेळात जिंकायचं कसं असतं? मला सांगता आलं नाही. तुम्ही कळवाल का? तिला रोज आठवण होते."

पत्राची आवक-नोंद झाली. बोटींबद्दलचा मजकूर कोणत्या विभागाकडे पाठवायचा हे ठरेना, म्हणून तो मी माझ्याकडेच ठेवला आहे आणि अधूनमधून वाचतो. प्रश्नाचे मात्र उत्तर देणे भाग होते. मी नियमावली काढली. त्रेसष्ट पाने; पैकी एकोणसाठ पदांविषयी, चार चहाविषयी. जिंकण्याविषयी एक ओळ नाही. मी उरलेल्या एकोणचाळीसही जणांना लेखी विचारले. अडतीस जणांनी लिहिले की ते दुसऱ्या विभागाकडे असावे. प्लंबरने लिहिले की त्याला वाटायचे आम्हाला माहीत असेल. माईंना मी कळवले आहे की प्रकरण विचाराधीन आहे.

आमचे चुकले, हे कबूल करतो. एकतीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही तो प्रश्न विचारला नाही. ज्यांना नीट दिसत नव्हते त्या माईंना तो पहिल्याच दिवशी दिसला. पण एक गोष्ट मी हे लिहिताना टिपत आलो आहे. वाचक महाशय, तुम्हीही गालगुंडापासून इथवर आलात. सहवास-काळ तुम्हाला लांबला वाटला, दुकानदारांचा राग आला, समितीवर तुम्ही हसलात आणि कार्यपद्धतीत दोन-तीन सुधारणाही तुमच्या मनात येऊन गेल्या. खेळ जिंकतात कसा, हे तुम्हीही विचारले नाहीत.

तेव्हा खेळाडू म्हणून तुमचा उपयोग नाही. अधिकारी म्हणून तुमचे नाव मी लिहून घेतले आहे. येत्या रविवारी दहाला या आणि माझ्या डावीकडे बसा.